औषधाच्या दुकानातलं विरजण

धानाच्या रोवणीच्या दिवसांत माझ्या सासूच्या पायात काटा घुसला आणि भादव्यात तिचं पोट बिघडलं. पाय आणि पोट यांना जोडणारा रस्ता डॉक्टरच्या दवाखान्यातून जातो, हे मी शिकवत असलेल्या कुठल्याच पाठ्यपुस्तकात दिलेलं नव्हतं. आम्हाला ते अनुभवानं शिकावं लागलं.

सासूला घरात सगळे माय म्हणायचे, मीसुद्धा. ऐंशीच्या दशकाच्या मध्यातली ही गोष्ट. आम्ही नागभीडला स्टेशनच्या मागच्या वस्तीत राहायचो. नवरा रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून, मी शाळेत विज्ञान शिकवायची आणि माय गावाबाहेरच्या आमच्या थोड्याशा धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, सांभाळायची. काटा लागला तेव्हा तिनं तो सुईनं उकरून काढला, वर हळद दाबली आणि परत चिखलात उतरली. मालकीण बांधावर बसली की रोवणाऱ्या बायांचे हात थांबतात आणि तोंडं सुरू होतात, असा तिचा ठाम सिद्धान्त होता. पायानं हा सिद्धान्त मानला नाही. तो सुजला आणि त्यात पू झाला.

आमच्या गावचे डॉक्टर मनानं उदार होते. साध्या सर्दीलाही सुई टोचायचे. इथे तर पू होता. त्यांनी लाल-काळ्या कॅप्सूल दिल्या, त्या संपल्यावर पिवळ्या दिल्या, आणि पाय बरा झाल्यावरही कोर्स अर्धवट राहायला नको म्हणून आणखी दिल्या. पाय उत्तम बरा झाला. इतका उत्तम, की त्या पायावर माय दिवसातून कितीदा परसाकडे धावते हे सगळी वस्ती कौतुकानं बघायला लागली. आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. पोटात जंतू झालेत असं सांगून त्यांनी आधीपेक्षा कडक कॅप्सूल दिल्या. जुलाब वाढले. डॉक्टर म्हणाले, "बघा, औषध लागू पडतंय."

खरी अडचण दसऱ्याची होती. मायनं दीक्षा घेतली चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला; पण पुढच्या वर्षापासून दर दसऱ्याला ती नागपूरला दीक्षाभूमीवर जात आली होती. एकही वर्ष चुकलेलं नव्हतं. माझ्या नवऱ्याचा जन्म दसऱ्याच्या आसपास झाला, तर ती त्याला फडक्यात गुंडाळून घेऊन गेली होती. सासरे वारले त्या वर्षीही गेली. आणि जायचं म्हणजे आमच्या छोट्या लाईनच्या, नॅरोगेजच्या गाडीनं. त्या दिवशी त्या गाडीत माणसं बसत नाहीत, माणसांवर माणसं ठेवलेली असतात. धड माणसालासुद्धा एकदा आत शिरलं की नागपूर येईपर्यंत हलता येत नाही. अशा डब्यात मायच्या पोटाचं काय होईल हा विचार मी करत होते. माय करत नव्हती.

"यंदा चांद्यालेच जाऊ ना माय," नवऱ्यानं सुचवून पाहिलं. "तिथीबी कार्यक्रम होतेच."

"चांद्याले मी जातोच. नागपूर मंजे नागपूर," माय म्हणाली आणि लोटा घेऊन परसाकडे निघाली.

दसरा महिन्यावर आला होता. मी नेहमीप्रमाणे स्वयंपाकघराच्या दारावर यादी लावली: काय शिजवायचं, काय टाळायचं, औषध केव्हा, मीठ-साखरेचं पाणी केव्हा. माझ्या याद्यांना घरात मोठा मान होता. नवरा त्यांच्यावर पेनची शाई येते का ते बघायचा. आजारी माणसाला बघायला येणाऱ्या बायांना मात्र यादी वाचता येत असूनही दिसत नसे. एकीनं कच्च्या बेलाचा काढा आणला, दुसरीनं डाळिंबाच्या साली. तिसरीनं हातात काही न आणता मायला नजर लागल्याचं निदान केलं आणि चहा पिऊन गेली. मायनं काढा घेतला, सालीही घेतल्या. ती सगळ्यांचं मन राखायची. एक पोट सोडून सगळे समाधानी होते.

शेवटी मी रजा टाकली आणि तिला घेऊन एसटीनं चंद्रपूर गाठलं. तिथे एक डॉक्टरीणबाई होत्या, वयानं लहान आणि बोलायला सडेतोड. आधीच्या कॅप्सूलची रिकामी पाकिटं मी एका पिशवीत जपून नेली होती. त्यांनी ती टेबलावर ओतली आणि एकेक उलटून पाहिली.

"एवढं सगळं एका पायासाठी?"

"पाय चांगला आहे ना जी," मायनं गावच्या डॉक्टरांची बाजू घेतली.

बाईंनी आधी सगळ्या कॅप्सूल बंद केल्या. मग पाकिटाच्याच मागच्या कोऱ्या बाजूवर आतड्याचं चित्र काढलं. आतड्याच्या आतल्या अंगाला बुळबुळीत थर असतो, त्या थरावर जंतू राहतात, असंख्य राहतात, आणि त्यातले बहुतेक कामाचे असतात. ते जागा धरून बसलेले असतात म्हणून वाईट जंतूंना पाय ठेवता येत नाही. कडक औषधाला मात्र चांगला-वाईट कळत नाही. ते सरसकट सगळ्यांना उठवतं.

मायनं चित्राकडे नीट पाहिलं. "मंजे माह्या पोटात वस्ती होती?"

"हो. मोठी वस्ती."

"आनि वस्तीच उठवली." माय माझ्याकडे वळली. "आपल्यात नवीन काई नाई बाई. कुठीबी सापसफाई निघाली का पयले वस्तीच उठवतेत."

डॉक्टरीणबाई हसल्या, मग आपण हसायला नको होतं की काय अशा चेहऱ्यानं थांबल्या. माय स्वतः हसत होती, त्यामुळे त्यांचं निभावलं.

त्यांनी लिहून दिलं ते औषध म्हणजे जंतूच होते. दुधाचं दही करणारे जिवंत जंतू, वाळवून कॅप्सूलमध्ये भरलेले. मी विज्ञानाची शिक्षिका म्हणून माझी शंका विचारली: जठरात एवढं आम्ल असतं, तिथून हे वाचतील कसे? बाई म्हणाल्या, पुष्कळसे मरतातच. म्हणून उपाशीपोटी द्यायचे नाहीत, पोटात अन्न असलं की आम्लाचा जोर कमी पडतो. त्यातून सुटले की पुढे पित्त. त्यातूनही निभावले ते आतड्यात पोचतात, पण पोचून भागत नाही. तिथे सगळं सारखं पुढे ढकललं जात असतं. ज्याला त्या बुळबुळीत थराला चिकटता येतं, अंगच्या चिकटपणानं किंवा केसांसारख्या बारीक तंतूंनी, तो टिकतो. बाकीचे वाहून जातात. आणि टिकतो तोही काही कायमचा नाही. म्हणून रोज द्यायचे.

परत येताना चंद्रपूरच्या स्टँडवर हे सगळं मला फुकट पुन्हा बघायला मिळालं. नागभीडची गाडी लागली. जे दारापर्यंतच पोचले नाहीत ते आम्लात गेले. दारातल्या रेटारेटीत चप्पल हरवून बसलेले पित्तात गेले. आत शिरलेल्यांतही ज्यांच्या हाताला दांडा लागला ते उभे राहिले, बाकीचे पुढच्या धक्क्याला मागच्या दाराशी. आणि खिडकीतून टॉवेल टाकून ज्यांनी आधीच जागा धरली होती ते मूळ रहिवासी शांतपणे तंबाखू मळत होते. पुढे कितीतरी वर्षं मी आठवीला आतड्यातले जंतू असेच शिकवले. मुलांना ते लगेच कळायचं. तपासणीला आलेल्या साहेबांना कळलं नाही. ते जीपनं आले होते.

पण मी गोष्टीच्या पुढे गेले. डॉक्टरीणबाईंनी आणखी एक गोष्ट लिहून दिली होती. "रोज घरचं ताजं ताक प्या," त्या मायला म्हणाल्या. इतका वेळ बोलणारी माय एकदम गप्प झाली. मला वाटलं, थकली असेल.

कॅप्सूल सुरू झाल्या. मी यादीत वेळा घातल्या, जेवणानंतर, कोमट पाण्याबरोबर. माय यादीप्रमाणे घेत होती, पण पोटात फरक पडत नव्हता. ताकाचं नाव काढलं की ती भलतंच काही बोलायची. आमच्या घरी ताक कधीच होत नसे. लग्न होऊन आल्यापासून मी पाहत होते आणि मायला आंबट चालत नसेल असं समजून चालले होते. चिंचेची आमटी ती वाटीनं प्यायची, हे त्या समजुतीत कुठे बसतं याचा विचार केला नव्हता.

एका सकाळी शेजारीण ताकाचा गडवा घेऊन आली. तिच्या घरचे तलावावर मासेमारी करायचे आणि ती दारात दोन म्हशी बांधून होती. आमचं दूध तिच्याकडूनच यायचं. मायचं आणि तिचं चांगलं जमायचं. तिच्या घरचे मासे मायनं कधी परत पाठवल्याचं मला आठवत नाही.

"घ्या जी माय, आत्ताच घुसळलं."

"ठेव तिथी," माय म्हणाली. शेजारीण गेल्यावर तिनं गडवा माझ्याकडे सरकवला. "तू पी. नाई तं झाडाले टाक."

मी विचारलं, का. मी आणखी दोन-तीनदा विचारलं तेव्हा माय भिंतीला टेकून बसली आणि पाय चोळत बोलायला लागली.

"माह्या बापाच्या गावाले मालगुजाराच्या, मंजे गावच्या मालकाच्या घरी ताक वाटत. सकारीच जाचं. घरचं भांडं, रिकामा गंज घेऊन दारात उभं राहाचं, त्यायचं देवपूजन होये तवर. मंग गंज खाली ठेवाचा आनि मांगं सराचं. ती बाई वरून ओते. अर्धं गंजात पडे, अर्धं मातीत. मातीतलं कुत्रं चाटे. त्याले कोनी मांगं सर म्हने नाई."

तिनं दुसरा पाय चोळायला घेतला.

"दीक्षा घेतली त्या दिवशी ठरवलं. आता ताकासाठी कोनाच्या दारात जाचं नाई. नाई गेली. झालं?"

"पण माय, ही तर आपणहून आणून देते. मागायचं कुठे आहे?"

"देते. पोरगी चांगलीच आहे. पन विरजण कोनाचं? तिच्या सासूचं. सासूले कोनं देलं? तिच्या सासूनं. मूळ कुठून आलं असंन?"

हे खोडून काढणं विज्ञानाच्या शिक्षिकेला अवघड होतं, कारण माय शास्त्रीयदृष्ट्या बरोबर बोलत होती. आजच्या दह्यातले जंतू कालच्या दह्यातल्या जंतूंची पोरंबाळं असतात आणि कालचे परवाच्यांची. या घरातून त्या घरात वाटीभर विरजणातून त्यांचं गोत पसरत जातं. तरी एवढं मागे कोण जातं, असं म्हणून मी संध्याकाळी दूध आणायला गेले तेव्हा शेजारणीला सहज विचारलं, तुमचं विरजण कुठलं गं?

ती अभिमानानं म्हणाली, "लय जुनं आहे बाई. माह्या आजेसासूनं मालगुजाराच्या घरून आनलं होतं. म्हून तं इतकं घट्ट लागते!"

मी दूध घेऊन घरी आले आणि मायला काही सांगितलं नाही.

आता हिशेब सरळ होता. डॉक्टरीणबाईंना ताक हवं होतं. ताकाला दही लागतं, दह्याला विरजण लागतं, आणि नागभीडमधलं कुठलंही विरजण कुणाच्या तरी दारातून आलेलं होतं. नागभीडबाहेरच्या विरजणाबद्दलही मला फारशी आशा नव्हती. मग माझ्या लक्षात आलं की दुधाचं दही करणारे जंतू तर आमच्या घरात आहेतच. कारखान्यात जन्मलेले, ज्यांच्या सात पिढ्यांनी कुणाच्या दारात गंज ठेवलेला नाही. विकत घेतलेले, पावतीसकट.

शनिवारी मी कपाटात औषध बघितलं तर तिथे पाकीट नव्हतं. मायला म्हटलं, एक कॅप्सूल द्या. तिनं आतून आणून हातावर ठेवली. मी दूध तापवून बोटाला सहन होईल इतकं कोमट केलं, कॅप्सूल फोडून पूड त्यात ढवळली आणि पितळी गंज धानाच्या कोंड्यात गळ्यापर्यंत पुरून ठेवला. आमच्याकडे कोंड्याला तोटा नव्हता आणि त्याच्यासारखी ऊब कशालाच येत नाही. सकाळी नवरा, माय आणि मी तिघंही गंजाभोवती जमलो. झाकण काढलं. दूध जसंच्या तसं होतं, फक्त थोडं नाराज.

"लागलं नाई," नवऱ्यानं निकाल दिला. दुपारपर्यंत ते नासलं.

मी चिडले. दह्याचे जंतू असून दही लावत नाहीत, तर पोटात जाऊन काय दिवे लावणार? दुकानदारानं जुनं औषध गळ्यात बांधलं की काय, हे पाहायला तारीख बघावी म्हणून मायला पाकीट मागितलं.

"फळीवर आहे, काढ," ती म्हणाली.

फळी म्हणजे चुलीच्या वरची फळी. आमच्या भागात पावसाळ्याचे चार महिने घरातली प्रत्येक वस्तू ओल धरते. मिठाला पाणी सुटतं, आगपेटीच्या काड्या नुसत्या घासल्या जातात, बियाण्याला बुरशी येते. म्हणून जे जे जपायचं ते चुलीवरच्या फळीवर जातं. मीठ, आगपेटी, काकडी-दोडक्याच्या बियांची पुरचुंडी, बिड्यांचा कट्टा, रेशनकार्ड. त्या रांगेत, धुरानं पिवळं पडलेलं, हाताला चटका बसेल इतकं गरम आमचं जिवंत जंतूंचं पाकीट बसलेलं होतं.

"माय! हे इथे कुणी ठेवलं?"

"मी. काऊन?" तिनं पाकीट माझ्या हातातून घेतलं, एक कॅप्सूल काढून कानाजवळ वाजवून दाखवली. "पाह्य कशी खडखडीत आहे. तुया कपाटात राह्यली असती तं चिकटून गेली असती. एकालेबी ओल लागू देली नाई."

"अहो, त्यात जिवंत जंतू होते. थंड जागी ठेवा म्हणून बाईंनी सांगितलं होतं."

"तुले सांगतलं. इंग्रजीत."

नवऱ्याला हसू आवरेना. "मंजे माय रोज जेवल्यावर भाजलेले जंतू खाऊन राह्यली होती. फुटाण्यावानी."

"तू हास," माय म्हणाली. "तुया बिड्या त्याच फळीवर राह्यतेत म्हून पेटतेत."

हे खरं होतं. मी दारावरची यादी पाहिली. तिच्यात किती वाजता, कशाबरोबर, जेवणाआधी की नंतर, सगळं होतं. एवढा सगळा वक्तशीरपणा आम्ही मेलेल्यांच्या सेवेत खर्च केला होता.

दसरा आता तोंडावर आला होता. माय बसल्या जागेवरून उठताना भिंतीला हात लावायला लागली होती, आणि मी बघतेय असं दिसलं की तो हात भिंतीवरचं जाळं काढल्यासारखा फिरवायची. मी नवऱ्याला चंद्रपूरला पिटाळलं. औषध उन्हातून आणायचं नाही, खिशात ठेवायचं नाही, इंजिनाजवळ बसायचं नाही, हे सगळं मी त्याला लिहून दिलं. कधी नव्हे ते त्यानं वाचलं. संध्याकाळी स्टेशनवरून तो दोन्ही हातांत ओल्या टॉवेलचं गाठोडं धरून असा आला, की रस्त्यात दोघांनी त्याला विचारलं, घरी काही बरंवाईट झालं काय. पाकीट मी पाण्याच्या माठाखालच्या ओल्या रेतीत, डब्यात बंद करून ठेवलं. माय ते बघत होती.

"तिथी ओल लागंन," ती न राहवून म्हणाली.

"लागू द्या."

तिनं तोंड फिरवलं. एवढी वर्षं संसार करून ओलीत औषध ठेवणारी सून पदरी पडली, हे तिच्या पाठीवर स्पष्ट लिहिलेलं होतं.

त्या रात्रीचं दूध सकाळी लागलेलं होतं. फार घट्ट नाही. हलवलं तर थरथरत होतं आणि वर पाणी सुटलं होतं. पण ते दही होतं. मायनं गंज उचलून उजेडात नेला, कडेकडेनं तिरपा करून पाहिला, वास घेतला.

"हे कोनाच्या घरचं?"

"कुणाच्याच नाही. औषधाच्या दुकानातलं."

"दुकानदार कोनाचा?"

"माय!"

"विचारून राह्यली." तिनं बोटानं थोडं चाखलं. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. मग म्हणाली, "मीठ आन. आनि थोडं पानी टाकून घुसळ, असं कोनी पीत असते काय."

तिनं एक पेला पिऊन संपवला आणि तळाशी उरलेलं बोटानं पुसून घेतलं. मालगुजाराच्या दारानंतरचं तिचं ते पहिलं ताक. तिनं उरलेल्या दह्याचा गंज माझ्या हातून काढून घेतला आणि त्यातलं वाटीभर दही स्वतःच्या हातानं वेगळं काढून ठेवलं, उद्याच्या विरजणाला.

पोट लगेच थांबलं असं सांगितलं तर गोष्ट छान होईल, पण तसं झालं नाही. एक दिवस बरं जायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. माय जेवल्यावर कॅप्सूल घ्यायची, दुपारी ताक प्यायची, पेजेतही ताक घालायची. नवरा रोज सकाळी 'जागा मिळाली का जंतूंना?' असं विचारून कामावर जायचा. मग बरे दिवस दोन-दोन मिळून यायला लागले. ती भिंतीला न धरता उठली ते मला कळलंसुद्धा नाही. बांधीतल्या धानावर रोग पडला म्हणून ती तणतणत बाहेर गेली, आणि परत आली तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती बांधीपर्यंत चालत जाऊन आली.

याच सुमारास शेजारीण रिकामी वाटी घेऊन दारात आली. एक म्हैस आटली होती, दुसरीचं दूध सगळं गिऱ्हाइकांना गेलं होतं आणि पाहुण्यांच्या गडबडीत विरजणाची वाटी घासून टाकली गेली होती. आजेसासूपासून चालत आलेलं घट्ट विरजण मोरीत गेलं होतं.

"माय, थोडं विरजण देता काय जी?"

मी भाजी निवडत होते. हात थांबवून मी मायकडे पाहिलं. शेजारणीनं वाटी उंबऱ्यावर ठेवली, अगदी सहज, कुणीही ठेवेल तशी.

"खाली काऊन ठेवली?" माय जोरात म्हणाली. "हातात दे."

शेजारीण दचकली. तिनं वाटी उचलून मायच्या हातात दिली. मायनं ती डाव्या हातात धरली, चमच्यानं दही काढून तळाशी नीट लावलं, एक थेंबही बाहेर जाऊ दिला नाही आणि वाटी तिच्या हातात ठेवून वरून स्वतःचा हात दाबला.

"औषधी आहे. कोमट दुधातच लावजो. चुलीवरच्या फळीवर ठेवू नको."

शेजारीण गेल्यावर माय माझ्यावरच उखडली, भाजीत माती राहिली म्हणून.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी मी पोस्टातून फोन लावून चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं, प्रवास झेपेल का. त्या म्हणाल्या, झेपेल. मी दुसरंही विचारलं: आता हे जंतू मायच्या पोटात कायमचे बसले ना? त्या म्हणाल्या, नाही. हे पाहुणे असतात. देणं थांबवलं की थोड्या दिवसांत निघून जातात. जुने रहिवासी हळूहळू परत येईपर्यंत जागा धरून ठेवायची, एवढंच त्यांचं काम. कदाचित तेवढ्या दिवसांत पोट आपोआपही बरं झालं असतं, असंही त्या म्हणाल्या. मी हे शेवटचं वाक्य घरी सांगितलं नाही. नवऱ्यानं ओल्या टॉवेलसह केलेला प्रवास त्याच्या आयुष्यातला एकमेव पराक्रम होता. बेलाचा काढा आणणाऱ्या बाईंना मात्र सांगायची गरजच नव्हती. गुण आपल्या काढ्यानंच आला हे त्यांनी वस्तीत परस्पर जाहीर केलेलं होतं.

आम्ही छोट्या लाईनच्या गाडीनं निघालो. मी अडीअडचणीला म्हणून जास्तीची लुगडी, पाण्याचा डबा, मीठ-साखर, जुनी फडकी आणि दाराजवळची जागा यांची व्यवस्था केली होती. माय दाराजवळ बसली नाही. ओळखीच्या बाया दिसल्या तशी ती माणसांवरून, गाठोड्यांवरून, कुणाच्या तरी खांद्याला धरून डब्याच्या पार मधोमध जाऊन पोचली, जिथून नागपूरपर्यंत देवालासुद्धा बाहेर येता आलं नसतं. मी दाराशी फडकी सांभाळत उभी राहिले. आतून तिचा आवाज येत होता. यंदा रोग कुठल्या धानावर पडला आणि कुणाची सून कशी, हे चाललं होतं.

नागपूरला उतरल्यावर ती दीक्षाभूमीपर्यंत चालत गेली. रांगेत उभी राहिली, वंदना केली, पुस्तकांच्या दुकानांतून फिरली, आणि दरवर्षी ज्या झाडाखाली आमच्या गावची माणसं बसायची तिथे जाऊन बसली. सगळ्यांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या. मायनं कुणाची मिरचीची भाकरी घेतली, कुणाचा तळलेला झिंगा घेतला. मी दोनदा खुणावलं, तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी परतीच्या गाडीसाठी निघताना नवऱ्यानं तिच्या कानाशी वाकून विचारलं, "माय, पोट कसं आहे?"

"कोनाचं?" माय म्हणाली आणि गर्दीत पुढे झाली.